विशी संपल्यावर वय वाढतंय हे नेमकं कशावरून जाणवतं?

मला सगळ्यात आधी जाणवलं ते आईवडिलांकडे पाहून. आई जिना चढताना मध्येच थांबते, बाबा तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारतात, आणि आता आधार आपण द्यायचाय हे लक्षात येतं. तिशीतला खरा बदल मी यालाच म्हणेन. पांढरे केस त्यापुढे किरकोळ.

शरीर एकदम थकत नाही. व्यायाम नसेल तर तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के घटतात. हाडांची घनताही तिशीच्या आसपास सर्वाधिक असते, पुढे हळूहळू उतरते. वजन उचलण्याच्या व्यायामाने स्नायू कुठल्याही वयात वाढतात, तेव्हा लवकर सुरुवात करा, अगदी मनापासून सांगतोय.

मित्रांची संख्या घटते, हेही खरं. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते पुढचा काळ मर्यादित वाटू लागला की माणूस मोजक्या, जिव्हाळ्याच्या नात्यांकडे वळतो. लोक काय म्हणतील ही धास्ती ओसरते, नको त्या गोष्टीला सरळ नकार देता येतो, आणि हे सुख विशीत क्वचितच मिळतं. जुन्या मित्रांना फोन मात्र आपणहून करावा लागतो. आपोआप भेटी होण्याचे दिवस कॉलेजबरोबरच सरलेले असतात.