रकाने आधी, सिद्धान्त नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मुंबई इलाख्यातील तुरुंगांवरील तुझा आराखडा वाचला. विषय उत्तम आहे. परंतु संपूर्ण पहिले प्रकरण इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅमच्या, मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडीवर नजर ठेवता येईल अशा गोलाकार तुरुंगाच्या कल्पनेवर खर्ची पडले, तरी तुझी अजून एकाही कैद्याशी गाठ पडलेली नाही. मार्गदर्शक ‘सैद्धान्तिक चौकट’ मागतात आणि सामान्य कैद्याविषयी मराठीत साधने सापडत नाहीत, तेव्हा विषय राजबंद्यांकडे वळवावा का, असे तू विचारतेस. वळवू नकोस. टिळकांच्या मंडालेविषयी किंवा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सांगितलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या गीताप्रवचनांविषयी मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक आहे. तशाच भिंतींआड चोरीची शिक्षा भोगणाऱ्याने आठवणी लिहिल्या नाहीत. त्याच्याविषयी लिहिले ते सरकारने, आणि तेही बहुतेक नोंदवह्यांच्या व तक्त्यांच्या रकान्यांत. म्हणून आधी रकाने वाच.

१८९४ च्या तुरुंग कायद्याचे कलम ३५ काढून पाहा. कामाला लावलेल्या प्रत्येक कैद्याचे वजन पंधरवड्यातून निदान एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे वैयक्तिक नोंदपत्रावर, नोंदवले गेले पाहिजे, असे ते वैद्यकीय अधिकाऱ्याला बजावते. श्रम शिक्षा वाटावी इतके कठोर हवेत, पण त्यांनी माणूस खंगून मरता कामा नये, ही राज्यकर्त्यांची सारी कसरत त्या एका आकड्यात उतरली आहे. त्याच कायद्याच्या कलम ५३ मध्ये फटके मारायच्या वेताची जाडी अर्ध्या इंचाहून कमी नसावी, असेही लिहिले आहे. दंडनीतीवरील पन्नास पाने मला एवढे सांगत नाहीत.

आता तुझ्या त्या सर्वसाक्षी मनोऱ्याकडे येऊ. अंदमानच्या सेल्युलर जेलपुरता तो ठीक आहे. तिथे मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात इमारती खरोखरच फाकल्या होत्या. इलाख्यातले बहुतेक कैदी मात्र बराकीत एकत्र झोपत आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांत वॉर्डर, मुकादम म्हणून नेमलेले कैदीच असत. कलम २३ तर अशा कैद्यांना लोकसेवक मानते! पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच छताखाली राहत असतील, तर तुझ्या पहिल्या प्रकरणातले काय टिकते, हे तूच तपास. सिद्धान्त नकोच, असे मी म्हणत नाही. तो रकान्यांतून वर यावा, वरून त्यांच्यावर लादला जाऊ नये, इतकेच म्हणतो.

१८३८ च्या तुरुंगशिस्त समितीने कैद्यांना रस्त्यांच्या कामावरून काढून भिंतींआड नीरस श्रमांना लावावे, अशी शिफारस केली. मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेली समिती, म्हणून तिचा अहवाल सगळेच उद्धृत करतात. पण महाबळेश्वरचा तुरुंग १८६४ साली बंद होईपर्यंत सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी तिथल्या रस्त्यांवर आणि मळ्यांत राबत होते, हे त्या अहवालातून कळणार नाही. ते कळते श्रमविभागणीच्या नोंदींतून. १८५५ साली बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत धातूचे लोटे काढून मातीची भांडी दिल्यावर कैदी का खवळले, हे समजायलाही भांड्याकुंड्यांचा हिशेब लागतो. पुन्हा सांगतो, आधी रकाने.

माझ्या प्रबंधावर एका परीक्षकाने ‘कारकुनी इतिहास’ असा शेरा मारला होता. पुढे तक्ते गाळल्यास पुस्तक काढू, असे एका प्रकाशकाने कळवले. मी गाळले नाहीत आणि पुस्तक निघाले नाही. त्याची खंत आहे, नाही असे नाही, कारण तुझ्यासारखीच्या हाती ते आयते पडले असते. पण तक्ते आजही गाळणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले, तेव्हा न्यायालयासमोर काय होते? राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्या, आणि त्यांतले झाडू कोणी मारायचा व स्वयंपाक कोणी करायचा, हे ठरवणारे नियम. कारकुनीच ती!

तेव्हा मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे खंड मागव. वार्षिक तुरुंग अहवालांची प्रस्तावना सोडून दे आणि परिशिष्टे उघड: कैद्यांची दैनिक सरासरी, आजारपण, मृत्यू, शिक्षा, कारखान्याची मिळकत. मार्गदर्शकांना चौकट हवीच असेल, तर कैदी-वॉर्डरांवर एक प्रकरण लिही आणि तीच चौकट म्हणून दाखव. कच्चा मसुदा महिनाअखेर माझ्याकडे पाठव, आणि त्यात बेंथॅमचे नाव तळटीपेतसुद्धा नको.

तुझा,
सर