वाचक विचारतात : 'पीताकी'चं मराठी करावं का?

प्रश्न : भाच्याची बायको कॅनडातल्या अल्बर्टाची, ब्लॅकफूट लोकांपैकी कायनाय समाजातली. त्यांच्या लेकीला तिकडच्या आजोबांनी 'पीताकी' नाव दिलंय. बारसं आमच्याकडे आहे. पत्रिकेत हे नाव कसं छापायचं? सोपं जावं म्हणून 'गरुडा' केलं तर चालेल का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : 'पीता' म्हणजे गरुड, 'आकी' म्हणजे स्त्री. जोडताना मधला 'आ' एकच उरतो. रोमन लिपीत 'पी' आणि 'की' या दोन्हींत 'आय' दोनदा लिहितात, ते केवळ स्वर लांबवण्यासाठी. टाइप करणारा हमखास 'पिइताकिइ' करतो, म्हणून प्रूफ स्वतः वाचा. 'थ', 'ख' नको. या भाषेत महाप्राण नाहीत. ब, ग, द, र, ल हेही नाहीत.

'गरुडा' मात्र करू नका. भाषांतरात काय हरवतं, हे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध नावात दिसतं. ब्रिटिश राजसत्तेशी 1877 मध्ये झालेल्या 'सातव्या करारा'वर सही करणारे, ब्लॅकफूटपैकीच सिक्सिका समाजाचे प्रमुख क्रोफूट यांचं नाव इसापोमुक्सिका, म्हणजे 'क्रो माणसाचा मोठा पाय'. हे क्रो म्हणजे शेजारची शत्रू जमात. दुभाष्यांनी नाव तोडून 'क्रोफूट' केलं आणि आता ऐकणाऱ्याला कावळ्याचा पाय दिसतो. त्याच करारातले कायनाय प्रमुख मेकाइस्तो यांच्या नावात मात्र खरोखरच कावळा आहे, तांबडा कावळा!

इसापोमुक्सिका हे नाव जन्माचं नव्हतं. क्रो लोकांशी झालेल्या लढाईतल्या पराक्रमानंतर पूर्वजाचं नाव त्यांना मिळालं. बडोदेकरांना हे परकं वाटू नये: 1875 मध्ये कवळाण्याचे गोपाळराव दत्तक आले आणि सयाजीराव झाले. नावाबरोबर आधीच्या माणसाचा मान येतो, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो, आपण उचलून घ्यायचा नसतो.

म्हणून विहीणबाईंना आधी विचारा: हे नाव पूर्वी घरात कुणाचं होतं का? आजोबांनी तेच का निवडलं? इतरांसमोर किती सांगायचं? मुलींच्या नावांतही पुष्कळदा नाव देणाऱ्याचा रणांगणावरचा प्रसंग दडलेला असतो, 'हल्ला', 'झडप' असले शब्द निघाले तर दचकू नका.

पीताकी हे नाव आजोबांनी दिलेलंच आहे, ते पाळण्यात पुन्हा ठेवायचं नाही. आत्यानं कानात सांगायला वेगळं मराठी नाव निवडा. पत्रिकेत दोन्ही छापा, पीताकी आधी.

वंशावळ लिहिणार असाल तर एक अडचण येईल. त्यांच्याकडे पूर्वी आडनावं नव्हती. सरकारी नोंदीत एकेका पुरुषाचं नाव, बहुधा इंग्रजी करून, पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यामुळे सख्ख्या भावांच्या वंशजांचीही आडनावं निराळी असू शकतात. आडनावावरून भाऊबंदकी जुळवू नका. प्रत्येकापुढे मूळ नाव, नोंदीतलं नाव आणि आईकडचं घर, तिन्ही लिहा.