टकरीनं गार कसं होतं?

प्रश्न : थंड अणूंशी टकरा घडवून रेणू गार करतात, असं वाचलं. पण तळहात एकमेकांवर घासले की ऊब येते. मग टकरीनं थंडावा कसा येईल?
– बारावीतला विद्यार्थी, कराड

उत्तर : हात चोळताना जोर तू बाहेरून लावतोस, तोच उष्णता होऊन तळव्यात उतरतो. प्रयोगात लेझरच्या सापळ्यात धरलेल्या रेणूंना असं ढकलणारं कुणी नसतं. वेगवान रेणू संथ अणूवर आदळतो, थोडी गती त्याच्या पदरात टाकतो आणि स्वतः मंदावतो. कॅरमवर करून बघ. सोंगटीनं सोंगटी नाकासमोर मार. मारणारी जवळजवळ जागीच थांबते. स्ट्रायकरनं मारलीस तर तो जड असल्यामुळे पुढे सरकत राहतो. वजनं जवळपासची असली की एकाच टकरीत बरीच गती जाते.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वोल्फगांग केटर्ले, अ‍ॅलन जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली नेमकी अशीच जोडी वापरली. अणुवस्तुमानाच्या मापात सोडियम-लिथियमचा रेणू 29 एककांचा, सोडियमचा अणू 23 चा. दोघंही लेझरच्या प्रकाशानं धरून ठेवलेले. प्रकाश हळूहळू मंद केला की पकड सैल होते. रेणूंवरची पकड मुळात घट्ट, म्हणून निसटतात ते मुख्यतः सोडियमचे अणू, आणि त्यातही जास्त उसळणारे आधी. बशीतल्या चहाची वाफ गेली की उरलेला चहा निवतो, तसे मागे राहिलेले अणू गार होतात आणि टकरांमधून रेणूंनाही गार करतात. 2 मायक्रोकेल्विनवरचे (म्हणजे 2000 नॅनोकेल्विनवरचे) रेणू अशा रीतीनं 220 नॅनोकेल्विनपर्यंत उतरले. तारकांमधल्या अवकाशातही साधारण 2.7 केल्विन असतात, म्हणजे त्याच्या कोटीपट जास्त!

खरी धास्ती वेगळीच होती. आमच्या कॉलेजात सोडियम रॉकेलात बुडवून ठेवत, आणि प्रयोगशाळेतले मामा चिमट्यानं तुकडा काढताना आम्हा प्राध्यापकांनाही मागे सरायला लावत. असा तापट गडी रेणूजवळ सोडला तर टकरीत रेणूच फुटायचा : दोन सोडियम जोडी जमवणार, लिथियम एकटा पडणार. त्यावर तोड म्हणून चुंबकीय क्षेत्रात अणू आणि रेणू या दोघांचीही स्पिन, म्हणजे त्यांच्यातली होकायंत्राच्या सुईसारखी दिशा दाखवणारी चुंबकी फिरकी, एकाच दिशेला लावून ठेवली. स्पिन अशी सरळ असताना ती अभिक्रिया सहजी होत नाही. रेणू फोडणारी एक टक्कर होईपर्यंत नुसत्या गार करणाऱ्या पन्नासहून जास्त होऊन जातात.