केमिस्ट्री उडाली म्हणून मेकॅनिकल सोडायचं का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कोअर शॉपला आहे, कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला साच्यात बसवतात ते वाळूचे कोअर तिथं करतो. मुलगी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणित आणि ड्रॉइंग चांगलं आहे, पण पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री राहिली. केमिकल बाँडिंगचा, म्हणजे अणू एकमेकांना कसे जोडले जातात त्याचा, अख्खा प्रश्न कोरा सोडला म्हणते. वर "मेकॅनिकलला याचा काय उपयोग?" असं तिचं म्हणणं. पाहुणे म्हणतात, कॉम्प्युटरला टाका, मेकॅनिकल पोरींचं काम नाही. शाखा बदलावी का? केमिस्ट्रीला क्लास लावावा का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार दादा,

शाखेचं आधी उरकतो. केमिस्ट्री टाळायची म्हणून कॉम्प्युटरला जाण्यात काही मतलब नाही. पहिल्या वर्षाला हा पेपर बहुतेक कॉलेजांत सगळ्याच शाखांना असतो, त्यामुळं राहिलेला विषय तिकडं गेलं तरी काढावाच लागणार. शिवाय शाखा बदलून मिळते ती साधारणपणे पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि जागा रिकामी असली तर. विषय राहिलेल्या मुलीला त्या रांगेत उभं करून काय साधणार? तिला कोडिंगची ओढ असती तर गोष्ट वेगळी होती, पण तुमच्या पत्रात तसं एक अक्षर नाही. गणित आणि ड्रॉइंग चांगलं असलेली मुलगी मेकॅनिकलला आहे ती योग्य जागीच आहे. पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला.

"उपयोग काय" हा तिचा प्रश्न मात्र मला रास्त वाटतो. पहिल्या वर्षाला बाँडिंग असं शिकवतात की जणू ते फक्त वहीतच घडतं. त्याचं उत्तर तुमच्या हाताखालून रोज जातं, म्हणून पुढचा मजकूर लेकीला वाचायला द्या.

बाळ, बाबा कोअर कसा करतात ते एकदा नीट विचारून घे. बऱ्याच कोअर शॉपमध्ये कोरड्या सिलिका वाळूत सोडियम सिलिकेट मिसळतात, ते कोअर बॉक्समध्ये दाबून भरतात आणि सिलिंडरची नळी लावून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. थोड्याच वेळात हाताला चिकटणारी वाळू टणक होते. तू कोरा सोडलेला प्रश्न त्या बॉक्समध्येच आहे. गॅसमध्ये एका कार्बनला दोन ऑक्सिजन. वाळूत एका सिलिकॉनमागं दोन ऑक्सिजन. कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत एकाखाली एक, दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत चार-चार इलेक्ट्रॉन. मग एक गॅस आणि दुसरी सुमारे 1700 अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारी वाळू, हे कसं?

कार्बनचा अणू लहान. तो ऑक्सिजनच्या इतका जवळ जातो की दोघांच्या पी-ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांच्या वावराच्या जागा) बाजूनं एकमेकांवर चांगल्या येतात आणि पक्का दुहेरी बंध (इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या वाटून घेतलेला) तयार होतो. दोन ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध केले की त्याचे चारही इलेक्ट्रॉन कामी आले, रेणू पुरा झाला. शेजारच्या रेणूशी त्याचं फारसं देणंघेणं उरत नाही, म्हणून तो गॅस. सिलिकॉन आकारानं मोठा, बाजूनं होणारा ओव्हरलॅप कच्चा पडतो, त्यामुळं तो दुहेरी बंधाच्या भानगडीत पडत नाही. तो चार ऑक्सिजनशी चार एकेरी बंध करतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटला जातो. असं जाळं वाळूच्या कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. वाळू वितळवायची तर हे बंधच तोडायला लागतात. भट्टीतून साधारण 1400 अंशांचं बीड (ओतीव लोखंड) ओतलं तरी साचा टिकतो तो याच्या जोरावर.

आणि कोअर टणक का होतो? गॅस शिरला की सिलिकेटचा अल्कधर्मीपणा उतरतो, सिलिकाचं जेल तयार होतं, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे नवे बंध जुळत जातात आणि हे जेल कणाला कण धरून ठेवतं. बाजूला सोडियम कार्बोनेट उरतं. गॅस गरजेपेक्षा जास्त दिला तर कोअर ठेवल्या जागी भुसभुशीत होतो, हे बाबा तुला अनुभवानं सांगतील.

आता मशीन शॉपला चल. ग्रे आयर्नचा (साध्या बिडाचा) जॉब लेथवर लावला की चिप लांब निघत नाही, तुकडे पडतात आणि बोटं काळी होतात. ते काळं म्हणजे ग्राफाइट. त्याच्या एका थरात कार्बन-कार्बन अंतर 142 पिकोमीटर, म्हणजे बंध घट्ट. दोन थरांमधलं अंतर 335 पिकोमीटर, तिथं नुसतं कमकुवत व्हॅन डर वाल्स आकर्षण. ग्राफाइटच्या पाकळ्या लोखंडाची सलगता तोडतात, म्हणून तुकडा सहज सुटतो, आणि थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळं टूलला थोडं वंगणही मिळतं. त्याच बिडात ओतायच्या आधी थोडं मॅग्नेशियम टाकलं की ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात येतं आणि एसजी आयर्न तयार होतं. कारखान्यात 'पाचशे-सात' म्हणतात तो ग्रेड म्हणजे किमान 500 मेगापास्कल ताणशक्ती आणि तुटण्याआधी 7 टक्के लांबण. ग्रे आयर्न ताणलं तर जवळजवळ न लांबताच तुटतं. इथं जरा जपून मात्र. एसजीमध्ये ग्राफाइटमधले बंध बदलत नाहीत, त्याचा आकार बदलतो. पाकळीच्या टोकाशी ताण साचतो आणि तिथून तडा सुरू होतो, गोळ्याला तसं टोकच नाही. बाँडिंगनं सगळंच उलगडतं असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. धातूचे दाणे, त्यातले दोष, थंड होण्याचा वेग हा सगळा पुढं मटेरियल सायन्सचा भाग आहे. पण बाँडिंग कच्चं राहिलं तर तो विषयही घोकावा लागेल.

पेपरसाठी दोन गैरसमज आधी काढून टाक. 'सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, हाच आयनिक बंध' असं मुलं लिहितात. देणंघेणं ही नुसती सुरुवात. बंध म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधलं (प्रभार आलेल्या अणूंमधलं) आकर्षण, आणि मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, एकाच जोडीदाराशी लग्न लागलेलं नसतं. दुसरा गैरसमज, 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.' उलट आहे. तोडायला ऊर्जा लागते. हायड्रोजनचा बंध तोडायला दर मोलमागं 436 किलोज्यूल. नवे बंध जुळताना ती बाहेर पडते, आणि इंधन जळताना आपल्याला मिळते ती या दोन्हींमधली शिल्लक.

एक नेहमीचा प्रश्न : मिठाचा वितळणबिंदू 801 अंश, मॅग्नेशियम ऑक्साइडचा 2800 अंशांच्या वर, असं का? एक-एक प्रभाराऐवजी दोन-दोन, म्हणजे प्रभारांचा गुणाकार चौपट, शिवाय आयन लहान असल्यामुळं जास्त जवळ. म्हणूनच मॅग्नेशियाच्या, म्हणजे याच ऑक्साइडच्या, विटा भट्ट्यांच्या अस्तराला वापरतात. उत्तरात शेवटचं वाक्य हे लिही, तपासणाऱ्याला बरं वाटतं.

विद्युतऋणतेतला (इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढण्याच्या ताकदीतला) फरक 1.7 च्या वर गेला की आयनिक, खाली राहिला की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला), हा नियम अंदाजापुरता धर. सिलिकॉन 1.90, ऑक्सिजन 3.44, फरक 1.54. म्हणजे वाळूतला बंध सहसंयुज, पण चांगलाच ध्रुवीय, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडं झुकलेले. निसर्गात 1.7 ला कुंपण घातलेलं नाही. हायब्रिडायझेशनवर (ऑर्बिटल मिसळून नव्या मानण्याच्या कल्पनेवर) आपल्याकडं नको तितका जोर देतात, त्याची पाठांतरं करत बसू नकोस. आधी लुईस रचना (इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती) काढ, मध्यवर्ती अणूवरच्या जोड्या मोज, आकार त्यावरून येतो. पाण्याचा कोन 109.5 ऐवजी 104.5 अंश का, हे एकट्या (बंधात न गुंतलेल्या) जोड्यांच्या ढकलण्यावरून सांगता आलं तर तेवढं पुरे. ऑक्सिजनची मॉलिक्युलर ऑर्बिटल (अख्ख्या रेणूच्या ऑर्बिटलची) आकृती मात्र हात बसेपर्यंत काढ. बंधक्रम (दोन अणूंमधल्या बंधांची संख्या) 2 आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन, म्हणूनच ऑक्सिजन चुंबकाकडं ओढला जातो. लुईस रचनेत हे दिसत नाही.

इंग्रजी पुस्तक जड जात असेल तर दहावीच्या विज्ञानातला कार्बनी संयुगांचा धडा काढ. सहसंयुज बंध तिथं मराठीतून आहे. एका संध्याकाळचं काम.

दादा, आता पुन्हा तुमच्याशी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात मशीन चालवणारे पुष्कळ मिळतात. सँड लॅब (वाळू तपासायची प्रयोगशाळा), स्पेक्ट्रोवरचं (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावरचं) विश्लेषण, कास्टिंगमधल्या दोषांचं मूळ शोधणं, मेथडिंग (साच्यात धातू कुठून, कसा शिरेल ते ठरवणं), या कामांना मेकॅनिकल येणारं आणि धातू समजणारं माणूस लागतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. पुढं तिला मटेरियल्समध्ये एम.टेक. करावंसं वाटलं तर मेकॅनिकलवरून गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) रस्ता मोकळा आहे. सुट्टीत तुमच्या साहेबांना विचारून तिला चार दिवस सँड लॅबला बसता आलं तर बघा.

क्लास सध्या लावू नका. त्याआधी एक गोष्ट पाहायची राहिली आहे. एक प्रश्न कोरा सोडला म्हणून विषय राहत नाही. पाण्याचा कठीणपणा, गंजणं, इंधनं, पॉलिमर अशा बाकीच्या युनिटमध्येही गुण गेलेत, आणि त्यातले कठीणपणा आणि इंधनाच्या कॅलरीची गणितं तर गणित चांगलं असलेल्या मुलीला हमखास येणारी. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. निकालानंतर अर्जाला थोडेच दिवस असतात, तेव्हा मुदत आजच विचारून घ्या.