उत्तर: पोप बदलले म्हणून पाय धुण्याचा विधी बदलत नाही

ताई, 'फ्रान्सिस गेले, नव्या पोपमहोदयांनी पहिल्याच दिवशी खांद्यावर लाल मोझेटा (पोपचा परंपरागत आखूड खांदेवस्त्र-झगा) घेतली, तेव्हा पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पुन्हा पुरुषांचेच पाय धुतले जातील' असे तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सांगितले गेल्याचे वाचले आणि आमचे २०१४ साल आठवले. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही, केवळ अनुभवाने लिहीत आहे. शिवाय हे कॅथलिक चर्चच्या लॅटिन (रोमन) विधीपुरतेच आहे. वेगळी उपासनापद्धती असलेल्या सिरो-मलबार कॅथलिक धर्मग्रामांना ते लागू नाही.

मोझेटा ही पोपची व्यक्तिगत निवड असते. फ्रान्सिस यांनी ती २०१३ मध्ये नाकारली, नवे पोप लिओ यांनी २०२५ मध्ये स्वीकारली, आणि त्यामुळे विधीचा एक शब्दही बदलला नाही. स्त्रियांचे पाय धुण्याचीही सुरुवात अशाच व्यक्तिगत कृतीने झाली होती. मार्च २०१३ मध्ये फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो येथील बालसुधारगृहात १२ तरुण कैद्यांचे पाय धुतले, आणि त्यांत दोन मुली होत्या. मिस्साग्रंथात (मिस्सेच्या अधिकृत विधिपुस्तकात) मात्र तेव्हा 'निवडलेले पुरुष' असेच होते.

आमची चूक इथेच झाली. स्त्रियांचेही पाय धुवावेत म्हणून २०१४ मध्ये आम्ही त्या प्रसंगाचे वर्तमानपत्रातले छायाचित्र घेऊन धर्मगुरूंकडे गेलो, आणि 'पोप करतात ते तुम्हाला का चालत नाही' असा वाद घातला. त्या वर्षी आम्हाला मिळालेला नकार नियमाला धरून होता, हे आज मान्य करते. पण जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या आज्ञापत्राने नियम बदलून स्त्रियांनाही वाव दिल्यावरही आम्ही तेच छायाचित्र पुन्हा नेले, आज्ञापत्र नेले नाही, आणि 'वरून परिपत्रक आलेले नाही' या एका वाक्यावर संबंधित कार्यालयाने आम्हाला सलग तीन वर्षे परत पाठवले. कोणीही लेखी उत्तर दिले नाही, आणि आम्हीही ते मागितले नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्या आमच्या धर्मशिक्षणाच्या वृद्ध बाई २०१८ च्या पावसाळ्यात वारल्या. पाय धुवून घेणाऱ्यांच्या बाकावर स्त्रिया पहिल्यांदा बसल्या त्या २०१९ मध्ये. ही गोष्ट मला अजूनही सलते.

माझे मत स्पष्ट आहे. फ्रान्सिस यांनी आधी कृती केली नसती तर नियम बदलला नसता. पण २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी उपासनाविधींच्या व्हॅटिकन विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांना नियम बदलण्याबाबत पत्र लिहिले आणि आज्ञापत्र निघायला त्यानंतर वर्षाहून अधिक काळ गेला, त्या अवधीत प्रामाणिक धर्मगुरूंची विनाकारण कोंडी झाली.

तेव्हा तुम्ही ६ जानेवारी २०१६ च्या आज्ञापत्राची प्रत न्या. त्यात देवाच्या प्रजेतून स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी असे लोक निवडता येतील असे म्हटले आहे. ते आज्ञापत्र एका पोपसोबत संपत नाही. दुसरे निघेपर्यंत ते लागू राहते. मात्र 'निवडता येतील' म्हणजे 'निवडलेच पाहिजेत' असे नव्हे, आणि मुळात हा विधी करणेही ऐच्छिक आहे. म्हणून हक्काच्या भाषेत बोलू नका, विनंती करा. ती लेखी द्या, पोच घ्या, आणि हे सारे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी करा, कारण पवित्र आठवड्यात कोणालाच ऐकायला सवड नसते.