काळ्या ढगात रसायनं कोण शिजवतं?

प्रश्न: मे महिन्यात मध्यरात्री आमच्या सड्यावरून आकाशगंगा झकास दिसते, वृश्चिकाच्या बाजूला मधेच काळे पट्टे असतात. ते गार वायूचे ढग, आत उजेडही जात नाही म्हणे. मग तिथे रेणू बनतात तरी कसे?
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताऱ्यांचा उजेड अडतो हो, पण कॉस्मिक किरण अडत नाहीत. हे किरण म्हणजे खरं तर बहुतेक प्रोटॉनच, भन्नाट वेगाने येणारे, ते ढगात घुसतात आणि हायड्रोजनच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतात. आता एका ठरावीक रेणूची पाळी यायला साधारण 300 कोटी वर्षं लागतात, पण ढगात रेणू इतके आहेत की काम थांबत नाही. तो जखमी रेणू लगेच दुसऱ्या हायड्रोजनला भिडतो आणि तीन हायड्रोजन अणूंचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, तयार होतो (अवकाशातल्या ढगांत तो 1996 मध्ये सापडला), आणि हा पठ्ठ्या आपला जादाचा प्रोटॉन दिसेल त्याच्या गळ्यात मारतो. ऑक्सिजनच्या गळ्यात मारला की पुढे हायड्रोजन चिकटत जातात, शेवटी एक इलेक्ट्रॉन येऊन मिळाला की पाणी! उणे 263 अंशाला, कारण अशा आयनांच्या क्रियांना ऊब लागतच नाही.

आणि आत अगदीच काळोख नसतो बरं का, उडालेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनला धडकून थोडा अतिनील उजेड पाडतात, हे प्रसाद आणि तारफदार या शास्त्रज्ञांनी 1983 मध्येच दाखवलं, आणि तो उजेड बनलेले रेणू परत फोडतो पण.