नोव्हेंबरअखेर कॅम्पर व्हॅनने स्पितीला जायचंय, पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून काय करावं?

म्हापशाहून स्पितीतल्या काझाला निघालाय आणि नळ्यांवर कुठलं इन्सुलेशन चढवावं, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात व्हॅनमधलं पाण्याचं फिटिंग करतो. माझं मत विचाराल तर इन्सुलेशनच्या फार मागे लागू नका, रात्री नळीत पाणीच ठेवू नका.

एसीवाल्यांकडे तांब्याच्या पायपावर चढवायचा काळा फोम मिळतो. गाडीच्या पोटाखालच्या पायपांना तो जरूर चढवा, सांधे टेपने बंद करा. पण फोम ऊब तयार करत नाही, आहे ती थोडा वेळ धरून ठेवतो. काझा साडेतीन हजार मीटरहून उंच. तिथे तेव्हा रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. थांबलेलं पाणी पहाटेपर्यंत गोठणारच. आणि बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. आधी जातात ते सांधे, कॉक आणि फिल्टरचं पारदर्शक भांडं.

पायपाला गुंडाळून विजेने गरम ठेवायची हीटिंग केबल मिळते, पण हिशेब करा: मीटरला १५ वॅट धरले तर १० मीटरला १५० वॅट, म्हणजे १२ तासांत १.८ युनिट. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी त्यातच संपली! रात्रभर भरवशाची वीज मिळणार असेल तरच तिचा विचार करा.

निघण्यापूर्वी एक काम मात्र करून घ्या. टाकीच्या तोंडाशी एक कॉक आणि पायपाच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक. टाकी गाडीच्या आत असेल तर भरलेली टाकी एका रात्रीत सहसा गोठत नाही. बारीक नळ्या गोठतात. म्हणून झोपण्यापूर्वी टाकीचा कॉक बंद, ड्रेन उघडा, गरम-थंड दोन्ही तोट्या आणि शॉवर उघडे. मग पंप थोडा चालवा, तोटीतून फुसफुस करत नुसती हवा आली की बंद. फिल्टरचं भांडं काढून उपडं करा (हे बहुतेक जण विसरतात). गीझरला वेगळा ड्रेन असतो, तोही उघडा. सकाळच्या चहाचं पाणी आधीच कॅनमध्ये भरून आत ठेवा.

बाहेरच्या नळाला लावायची नळी टाकी भरली की लगेच काढायची. एक टोक डोक्यावर धरून हातोहात पुढे सरकवत गेलात की पाणी दुसऱ्या टोकाने निघून जातं. मग गुंडाळून आत. आपली बागेतली हिरवी नळी त्या थंडीत काठीसारखी कडक होते, रबरी घ्या.

सिंकखालच्या वाकड्या पायपात पाणी राहतंच. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओता. गाडीचा कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे विषारी असतो. तो पिण्याच्या पाण्याच्या लाइनच्या जवळपासही नको.

तरी कुठे गोठलंच तर आधी तोटी उघडा, मग कोमट पाण्याची फडकी तोटीच्या बाजूने गुंडाळत मागे या. पायपाखाली गॅसची शेगडी धरू नका.